बारा जहाजं घेऊन गेला, एकटाच परतला: ओडिसियसला आज कसं तोलायचं?

सांजवारा

गेले तीन महिने रोज रात्री थोडी थोडी करून होमरची 'ओडिसी', म्हणजे ट्रॉयचं युद्ध संपवून आपल्या इथाका बेटाकडे परतणाऱ्या ओडिसियस राजाचं ग्रीक महाकाव्य, पुन्हा वाचली. कॉलेजात वाचली होती तेव्हा ओडिसियस म्हणजे अफाट डोक्याचा माणूस, एवढंच मनात राहिलं होतं. ट्रॉयचा लाकडी घोडा त्याच्याच कल्पनेतला. एकडोळ्या राक्षसाला, पॉलिफीमसला, 'माझं नाव कुणीच नाही' असं सांगून चकवणारा तोच. तेव्हा तो फार आवडला होता. आता पंचेचाळिशीत वाचताना मात्र एका जागी अडकले, आणि ते इथे मांडल्याशिवाय राहवत नाही.

होमर पहिल्याच ओळीत त्याला 'पॉलिट्रोपॉस' म्हणतो, म्हणजे अनेक वळणांचा. खूप भटकलेला असाही अर्थ निघतो आणि ज्याच्या मनाचा थांग लागत नाही असाही. वेळ बघून वाट बदलणारा, बोलण्यात कुणाला हार न जाणारा, कितीही कोंडीत सापडला तरी डोकं शांत ठेवणारा. आज अशी माणसं आपण शोधत असतो. कुठल्याही मोठ्या कंपनीत किंवा पक्षात तो भराभर वर गेला असता आणि आपण त्याची भाषणं एकमेकांना पाठवली असती, याबद्दल मला शंका नाही.

पण या वेळी मी वही घेऊन बसले होते आणि त्याची माणसं मोजत होते.

ट्रॉयहून निघाली १२ जहाजं. पहिल्याच ठिकाणी, किकोनियन लोकांच्या गावावर लुटीसाठी धाड घातली, तिथे दर जहाजामागे ६ जण गेले, म्हणजे ७२. पॉलिफीमसने गुहेत ६ खाल्ले. मग लेस्ट्रिगोनियन या नरभक्षकांच्या बंदरात ११ जहाजं एका दिवसात संपली. उरलेलं एकुलतं जहाज सर्सी या चेटकिणीच्या बेटाला लागतं तेव्हा तो लोकांचे दोन गट पाडतो आणि त्याचा साथीदार युरिलोकस याच्याबरोबर २२ जण जातात. तेवढेच त्याच्याकडे राहिले असं धरलं तर हे दोघे मिळवून ४६. आधी गेलेले मिळवले की एका जहाजावर साठाच्या आतबाहेर माणसं येतात. अशी बारा जहाजं. सहाशे-सातशे घरांतले मुलगे, नवरे, बाप. इथाकाला पोचला फक्त तो.

काव्याच्या सुरुवातीलाच सांगितलंय की सोबत्यांना वाचवायचा त्याने खूप प्रयत्न केला, पण ते आपल्याच मूर्खपणाने मेले, सूर्यदेवाची गुरं खाल्ली म्हणून. वाचताना आपण मान डोलावतो. पण गुरं खाल्ली ती शेवटच्या एका जहाजावरच्या लोकांनी! बाकीच्या ११ जहाजांचं काय? ते बंदर दोन्ही बाजूंनी उंच कड्यांनी वेढलेलं, तोंड अरुंद, आत पाणी अगदी स्थिर. सगळी जहाजं आत जाऊन शेजारी शेजारी लागली. एकट्या ओडिसियसने आपलं जहाज बाहेर ठेवून दोर खडकाला बांधला. त्याला कसली तरी शंका आली असणार. ती त्याने कुणाला बोलून दाखवली असं काव्यात कुठेही येत नाही. वरून दगड पडायला लागले तेव्हा त्याने तलवारीने आपला दोर कापला आणि निघाला.

आणि त्याच्या थोडं आधीची ती पिशवी. वाऱ्यांचा राखणदार एओलस याने सगळे उलटे वारे बैलाच्या कातड्याच्या पिशवीत कोंडून, चांदीच्या दोरीने तोंड आवळून त्याच्या जहाजावर ठेवून दिले. नऊ दिवस, नऊ रात्री तो स्वतः शिडाचा दोर धरून बसला, दुसऱ्या कुणाच्या हाती दिला नाही. दहाव्या दिवशी इथाका दिसली. इतकी जवळ, की किनाऱ्यावर जाळ पेटवलेली माणसं दिसत होती. तेवढ्यात त्याला झोप लागली. सोबत्यांना वाटलं पिशवीत सोनंनाणं आहे, एकटाच घरी नेतोय. त्यांनी ती सोडली.

नऊ दिवस एका जहाजावर, एका पाण्यावर, आणि 'यात वारा आहे, हात लावू नका' एवढं एक वाक्य त्याने सांगितलं नाही.

माझं म्हणणं असं: त्याची हुशारी आणि त्याचं कुणावरही विश्वास न टाकणं ही एकाच झाडाची फळं आहेत. आपण आज पहिलं फळ डोक्यावर घेऊन नाचतो आणि दुसऱ्याचा हिशोब ज्यांची माणसं गेली त्यांच्यावर सोडतो. तुम्हाला काय वाटतं? ज्यांनी वाचलंय त्यांनी नक्की लिहा, ज्यांनी नाही वाचलं त्यांनीही लिहा.

दर्यावर्दी

सांजवारा ताई, तुमचा धागा काल रात्री ब्रिजवरचा (जहाज चालवायच्या खोलीतला) वॉच संपवून वाचला आणि झोप लागेना. मी १९ वर्षं मर्चंट नेव्हीत आहे, सध्या चीफ मेट, म्हणजे कॅप्टनच्या खालोखालचा ऑफिसर. मूळ रत्नागिरीचा.

नऊ दिवस न झोपता दोर धरून बसणारा कॅप्टन ऐकायला फार शूर वाटतो. आमच्याकडे याची मोजमापं ठरलेली आहेत: २४ तासांत किमान १० तास आणि ७ दिवसांत किमान ७७ तास विश्रांती मिळालीच पाहिजे, आणि त्याची नोंद ठेवावी लागते. हे नियम कुणाची चैन व्हावी म्हणून आलेले नाहीत. दमलेल्या माणसाच्या हातून जहाजं खडकावर चढलेली आहेत, म्हणून आले. जो दुसऱ्याला दोर देत नाही तो नेमका किनारा दिसल्यावर झोपतो. होमरने हे किती अचूक पकडलंय!

दुसरं, ब्रिज रिसोर्स मॅनेजमेंट नावाचं प्रशिक्षण आम्हा ऑफिसरांना घ्यावं लागतं. २०१० साली मनिलात जे आंतरराष्ट्रीय नियम बदलले आणि २०१२ पासून लागू झाले, त्यात यावर बराच भर आला. सार एवढंच, की मास्टरच्या, म्हणजे कॅप्टनच्या, डोक्यात जे आहे ते ब्रिजवरच्या प्रत्येकाला माहीत हवं आणि ज्युनिअरला 'सर, हे चुकतंय' म्हणायची मुभा हवी. त्या मापाने बंदराबाहेर एकट्याने जहाज बांधणाऱ्या कमांडरची आज चौकशी झाली असती.

एक स्वतःचं सांगतो. मी थर्ड मेट होतो तेव्हा बंगालच्या उपसागरात आमच्या मास्टरने हवामानाचा मेसेज स्वतःजवळच ठेवला. कोर्स बदलला, कारण सांगितलं नाही. माणूस हुशार होता, निर्णयही बरोबर होता. पण आम्हाला पुढे काय येणार ते ठाऊक नसल्यामुळे डेकवरच्या सामानाचं लॅशिंग (बांधणी) पुन्हा तपासायला उशीर झाला. एक ड्रम सुटला आणि बोसनचा, म्हणजे डेकवरच्या खलाशांच्या मुकादमाचा, हात कोपरापासून मोडला. बोसन देवगडकडचा होता, मला लेकासारखं शिकवलं होतं त्याने. तो पुन्हा शिपवर आला नाही. मास्टरच्या रिपोर्टात लिहिलं होतं, 'क्रूचा निष्काळजीपणा'. तुम्ही सूर्यदेवाच्या गुरांचं लिहिलंत तिथे मला ते पान आठवलं.

जुनापूल

धागा छान, पण मला थोडं वेगळं म्हणायचंय. ग्रीकांचा 'हीरो' म्हणजे सद्गुणी माणूस नव्हे. त्यांच्यासाठी 'क्लेऑस', म्हणजे मेल्यानंतर लोक गातील ती कीर्ती, आणि 'तिमी', म्हणजे चारचौघांत मिळणारा मान, हे सर्वांत मोठं धन. पॉलिफीमसच्या तावडीतून सुटल्यावर ओडिसियस जहाजावरून ओरडून आपलं खरं नाव, बापाचं नाव, गाव सांगतो. सोबती विनवत असतात की गप्प बस. आपल्याला तो मूर्खपणा वाटतो, कारण त्यामुळेच राक्षसाला नावानिशी शाप देता आला आणि त्याचा बाप, समुद्रदेव पोसायडन, हात धुऊन मागे लागला. पण 'कुणीच नाही' म्हणून निघून जाणं हे त्या माणसाला मरणासारखं होतं. त्याला त्याच्या काळाच्या तराजूतच तोलायला हवं असं मला वाटतं.

आणि मुख्य गोष्ट. पिशवी, बंदर, गुहा हे सगळं आपल्याला कोण सांगतं? नवव्या ते बाराव्या सर्गात स्वतः ओडिसियसच अल्किनोअस राजाच्या दरबारात सांगतोय. सोबत्यांपैकी एकही जिवंत नाही. त्यांची बाजू आपल्याकडे आलीच नाही.

सांजवारा

जुनापूल, शेवटचा मुद्दा लाखमोलाचा. पण मग मला उलट असंही दिसतं, की पिशवीत काय आहे ते सोबत्यांना ठाऊक नव्हतं हे त्याच्याच सांगण्यातून कळतं. झाकता आलं असतं, ते झाकलं नाही.

काळाच्या तराजूबद्दल मात्र सहमत नाही, कारण त्याच काळाचा दुसरा तराजू काव्यातच ठेवलेला आहे. शेवटच्या सर्गात युपायथिस नावाचा म्हातारा इथाकाच्या लोकांसमोर उभा राहतो. ओडिसियसची बायको पेनेलोपी हिच्याशी लग्न करायला टपलेल्या १०८ मागणीदारांपैकी अँटिनोअस हा त्याचा मुलगा, ओडिसियसच्या पहिल्या बाणाने गेलेला. तो रडत रडत म्हणतो की या माणसाने जहाजं भरून माणसं नेली, जहाजंही घालवली आणि माणसंही, आणि आता परत येऊन राहिलेल्यांतली चांगली पोरं मारली. जमलेल्यांतले निम्म्याहून जास्त त्याच्यामागे शस्त्रं घेऊन निघतात. म्हणजे मी वहीत मांडला तो हिशोब इथाकात तेव्हाच कुणीतरी मोठ्याने मांडला होता. त्या म्हाताऱ्याला पुढे भाला लागतो आणि देवी अथेना भांडण थांबवते. पोरांना तुम्हीच आवरलं नाहीत असं एकजण सुनावतो, पण गेलेल्या जहाजांचं आणि माणसांचं उत्तर कुणी देत नाही.

ग्रीकांचा सर्वांत मोठा वीर अकिलिस, त्याचंही ऐका. होमरच्याच, ट्रॉयच्या युद्धावरच्या 'इलियड'च्या नवव्या सर्गात ओडिसियस त्याची समजूत काढायला जातो तेव्हा अकिलिस त्याच्या तोंडावर म्हणतो, की जो मनात एक ठेवतो आणि बोलतो दुसरंच, तो मला नरकाच्या दारासारखा नकोसा आहे.

जुनापूल

हे मान्य. आणि अथेन्सच्या लोकांनाही तो पुढे खुपायला लागला होताच. सोफोक्लीस या नाटककाराच्या 'फिलॉक्टिटिस' नाटकात, इ.स.पू. ४०९ सालच्या, ओडिसियस एका कोवळ्या मुलाला खोटं बोलायला शिकवतो आणि त्या मुलालाच त्याची लाज वाटते. उलट त्याच सोफोक्लीसच्या 'अजॅक्स'मध्ये तो आपल्या मेलेल्या शत्रूला सन्मानाने मूठमाती मिळावी म्हणून भांडतो. इटालियन कवी दान्तेने त्याला नरकाच्या आठव्या वर्तुळात टाकला. स्टोइक तत्त्वज्ञ मात्र त्याला शहाण्या माणसाचा नमुना मानायचे. प्रत्येक काळाने त्याला नव्याने तोललाय, तर आपणही तोलू.

निवृत्तमास्तर

शाळेत ३१ वर्षं मराठी आणि संस्कृत शिकवलं. आपल्याकडे हा प्रश्न नवा नाही. 'नरो वा कुंजरो वा' आठवा. अश्वत्थामा मेला असं धर्मराज बोलले, हत्तीचं हळूच पुटपुटले, द्रोणांनी शस्त्र खाली ठेवलं. युद्ध जिंकायला ते लागणार होतं. पण व्यासांनी लगेच लिहून ठेवलं, की जमिनीपासून चार बोटं वर चालणारा युधिष्ठिराचा रथ त्या क्षणी भुईला टेकला. खोट्याचा उपयोग झाला हेही नोंदलं आणि त्याची किंमतही नोंदली.

गनिमी कावा हा शब्द आपण अभिमानाने उच्चारतो आणि तो योग्यच आहे. शत्रू दहापट असेल तर डोकंच वापरावं लागतं. पण कावा शत्रूशी असतो. ओडिसियसचं दुखणं असं की त्याला शत्रू आणि आपला यात फरक करायची सवयच उरली नाही. इथाकाला उतरल्यावर पहिली भेट होते ती मेंढपाळ मुलाच्या रूपातल्या अथेनेची, आणि तिलाही तो ताबडतोब रचलेली कहाणी ऐकवतो. ती हसून त्याला गोंजारते, कारण तिला त्याचं कौतुक आहे. मला ते वाचताना काळजी वाटली.

पारिजात

सगळे ओडिसियसबद्दल बोलताय, मला पेनेलोपीबद्दल बोलायचंय. याच गुणांची ती आहे आणि तिने ते गुण वापरले तेव्हा कुणाचाही जीव गेला नाही. सासऱ्यासाठी कफन विणतेय, ते झालं की लग्न करीन असं सांगून दिवसा विणायची आणि रात्री मशालीच्या उजेडात उसवायची. तीन वर्षं! शेवटी नवरा समोर उभा आहे, सगळे म्हणताहेत तोच आहे, तरी ती दासीला सहज म्हणते की तो पलंग खोलीबाहेर काढून घाल. ओडिसियस भडकतो, कारण तो पलंग त्याने जमिनीत मुळं असलेल्या ऑलिव्हच्या खोडातून स्वतः घडवला होता, तो हलणारच नव्हता. सगळ्या जगाला फसवणारा माणूस एका वाक्यात पकडला गेला. आज मला कुणाला मोठ्या जागेवर बसवायचं असेल तर मी तिला बसवीन.

आणि दासी. मागणीदारांबरोबर झोपलेल्या १२ दासींकडून आधी प्रेतं उचलून घेतली, रक्ताने माखलेली टेबलं पुसून घेतली. मग ओडिसियसचा मुलगा टेलेमाकस याने त्यांना जहाजाच्या दोराला ओळीने फासावर दिलं. होमर म्हणतो, जाळ्यात अडकलेल्या पाखरांसारख्या. त्यांचे पाय थोडे हलले, फार वेळ नाही. मी ज्या हॉस्टेलवर वॉर्डन आहे तिथे वीस-बावीसच्या मुली राहतात. या ओळीपाशी पुस्तक मिटलं आणि दोन दिवस उघडलं नाही. घरात शंभर दांडगट पुरुष वर्षानुवर्षं ठाण मांडून बसलेले असताना त्या मुलींना 'नाही' म्हणायची सोय किती होती, हे ओडिसियसने विचारलं नाही. आजच्या मापाने त्याचा सर्वांत मोठा गुन्हा मी हाच धरते.

सांजवारा

पारिजात ताई, तुमच्या प्रतिसादाला मला काही जोडायचं नाही. तसाच राहू दे.

निळीशाई

मी मानसोपचाराच्या क्षेत्रात काम करते. बॉस्टनमध्ये व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांवर उपचार करणारे जॉनथन शे यांनी ओडिसियसकडे युद्धावरून परतलेला माणूस म्हणून पाहिलं. कुणावर विश्वास नाही, सतत सावध, घरी आल्यावरही घर शत्रूचा तळ असल्यासारखं चाचपणं. हे सगळं त्यांना आपल्या रुग्णांमध्ये दिसलं. त्याचबरोबर कॅप्टन म्हणून त्याने माणसं कशी घालवली यावरही ते कठोरपणे बोलले. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं.

आठवा सर्ग आठवा. आंधळा गायक डेमोडोकस ट्रॉयच्या पाडावाचं गाणं म्हणतो आणि ओडिसियस रडायला लागतो. होमर त्या रडण्याला उपमा देतो ती अशा बाईची, जी आपल्या नगरासाठी लढताना पडलेल्या नवऱ्याच्या अंगावर पडून रडतेय आणि मागून शत्रूचे सैनिक तिला भाल्याने ढोसत गुलामीत नेताहेत. ज्यांची गावं याने जाळली त्यांच्या बायकांचं रडणं याच्या डोळ्यांत. आज एखादा निवृत्त फौजी माझ्यासमोर असा रडला तर मी म्हणेन, इथून बरं व्हायला सुरुवात होते.

दर्यावर्दी

निळीशाई ताई, नऊ महिन्यांचं कॉन्ट्रॅक्ट संपवून घरी गेलं की पहिले पंधरा दिवस मीही रात्री दारं-खिडक्या तपासत फिरतो. बायको काही बोलत नाही, दिवा लावून बसते.

एक विचारायचं होतं. स्किला या सहा डोक्यांच्या राक्षसिणीच्या वेळी सहा माणसं जाणार हे त्याला आधी माहीत होतं. सांगितलं असतं तर लोक वल्ही टाकून जहाजाच्या पोटात लपले असते, असं तो म्हणतो. हे एक लपवणं मला समजू शकतं. ते सहाजण वर उचलले जाताना त्याचं नाव घेऊन हाका मारतात, आणि समुद्रावर पाहिलेलं सगळ्यांत करुण दृश्य तेच, असं तो सांगतो. मग हा माणूस पुढे कधी कुणाला वेळेत खरं सांगतो का?

सांजवारा

दर्यावर्दी दादा, सांगतो. तेविसाव्या सर्गात. वीस वर्षांनी नवरा-बायको भेटलेत, पलंगाची खूण पटलीय, आणि अजून झोपायलाही गेले नाहीत तेवढ्यात तो म्हणतो, आपले कष्ट संपलेले नाहीत, एक मोठं काम राहिलंय. पेनेलोपी म्हणते, पुढे कळणारच आहे तर आत्ताच सांग. तो म्हणतो, सांगतो, लपवणार नाही. आणि सांगतो: खांद्यावर वल्हं घेऊन इतकं आत जायचंय, की तिथल्या लोकांनी समुद्र पाहिलेला नसेल, जेवणात मीठ माहीत नसेल, आणि कुणीतरी त्या वल्ह्याला धान्य पाखडायचं अवजार समजेल. तिथे ते जमिनीत रोवून पोसायडनला बळी द्यायचा, मग परत.

पिशवी लपवणाऱ्या माणसाने 'लपवणार नाही' म्हणणं, तेही ऐन सुखाच्या रात्री! मला त्याचा कुठला गुण आज हवासा वाटतो म्हणाल तर हा. तो शिकायला त्याला वीस वर्षं आणि बारा जहाजं लागली, हे दुःख आहेच.

निवृत्तमास्तर

पण दुसऱ्याच दिवशी म्हाताऱ्या बापाशी पुन्हा खोटं बोलतो की. त्याचं काय? मागणीदार मेलेले, बापापासून धोका काही नाही, आणि लाएर्टिसला म्हणतो, मी परदेशी माणूस, तुमचा मुलगा पाच वर्षांपूर्वी माझ्याकडे पाहुणा होता.

सांजवारा

हो सर, बोलतो. ते मला समर्थन करता येत नाही. फक्त ते किती वेळ टिकतं ते पाहा. म्हातारा ठिगळं लावलेल्या कपड्यांत, हातांना काटे लागू नयेत म्हणून हातमोजे घालून, पायांना कातडं बांधून एका रोपाभोवती माती उकरतोय. मुलाचं नाव ऐकून तो दोन्ही मुठी भरून माती उचलतो आणि पांढऱ्या डोक्यावर ओततो. तेव्हा ओडिसियसच्या नाकात झिणझिण्या येतात, आणि तो धावत जाऊन बापाला मिठी मारतो. आता बाप म्हणतो, खूण दाखव. तो मांडीवरचा रानडुकराचा वण दाखवतो आणि मग झाडं मोजतो. लहानपणी तुमच्यामागे दुडदुडत या बागेत फिरायचो, एकेका झाडाचं नाव विचारायचो. तुम्ही मला १३ नासपती दिल्या होत्यात, १० सफरचंदं, ४० अंजीर, आणि द्राक्षांच्या ५० ओळी द्यायचं कबूल केलं होतंत.

दर्यावर्दी

हे आकडे खरंच आहेत का मूळ काव्यात?

आमच्या आजोबांनी प्रत्येक नातवाच्या नावाने एकेक हापूसचं कलम लावलं होतं. माझं विहिरीच्या डाव्या हाताला, दुसरं. ऑगस्टमध्ये साइन-ऑफ आहे. घरी गेलो की आधी ते बघायला जाईन.

सांजवारा

हो दादा, चोविसाव्या सर्गात. अगदी याच क्रमाने.